दीडखणी

हळदीकुंकवात मिळालेला खण बायका घडीसकट पिशवीत टाकतात. पारूबाय तो तिथंच उलगडायची, सगळ्यांसमोर छातीवर आडवा धरायची आणि यजमानणीला विचारायची, "ह्यात माजा एक हात जाईल गो. दुसऱ्या हाताला काय सांगू?"

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं. आम्ही नुकतेच बाळकुमला तिच्या चाळीत राहायला आलेलो. वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून, परवडणारी जागा गावात मिळेना, म्हणून इतक्या लांब. कापडावर कंट्रोल होता, खणासाठीसुद्धा वशिला लागायचा. अशा दिवसांत ही बाई उघड उघड दुसरा खण मागत होती! बायका पदराआड हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं ती स्वतःच हसली आणि दुसरा खण हातात पडल्याशिवाय उठली नाही. घरमालकिणीला नाही कोण म्हणणार?

चाळीतल्या सुशिक्षित बायका तिला मागून 'दीडखणी' म्हणत. एका खणात जिची चोळी होत नाही ती दीडखणी. बाईला नाव असतं, डोकं असतं, तिनं जन्मभर काही ना काही केलेलं असतं; आणि तिची ओळख काय, तर कापड किती लागतं! मी आता पत्रकं लिहिते, सभांतून बोलते, म्हणून मला हे आज सुचतंय असं नाही. परकर-पोलक्यातल्या वयातही तो शब्द मला टोचायचा. पारूबायला मात्र टोचत नसे. मी एकदा रागारागानं तिला जाऊन सांगितलं, तर म्हणाली, "मना म्हाईत हाय काय बोलतान ते. बोलू दे. अर्धा खन जास्तीचा हाय ना? कमीचा तं नाय?"

ती आगरी. सासरचं मिठागर कोलशेतच्या खाडीला. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, उघडे दंड, आणि चालताना पाऊल असं टाकायची की जमिनीला आधी विचारून ठेवलंय. चाळीचं भाडं मागायला ती कधी दारात उभी राहिली नाही. दारात बसायची. ती बसली की दार संपलं. आतल्यानं आत राहायचं, बाहेरच्यानं बाहेर.

तिच्याबद्दल गावात एक गोष्ट सांगत. ती नवी सून असताना एकदा उधाणाच्या भरतीला मिठागराचा बांध फुटला. पुरुष माती आणायला धावले, पण माती येईपर्यंत पाणी थांबणार होतं थोडंच? ही त्या खिंडारात पाठ लावून बसली. खाडी पाठीवर आदळत होती, आणि गड्यांनी तिच्या पुढ्यात चिखल-दगड रचून बांध वर आणला तेव्हा कुठं तिला हात धरून ओढून काढली. मी तिला विचारलं, हे खरं का? तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "खरं नायतं काय! मी बारीक असते तं मीठबी गेलं असतं नि मीबी गेले असते."

मी आजपर्यंत पुष्कळ मोठमोठे वक्ते ऐकले आहेत. स्त्रीच्या शरीराबद्दल इतकं सरळ वाक्य एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही.

ठाण्यात टेंभी नाक्यावर एक शिंपी होता. माप घ्यायचा आणि आतल्या कारागिराला ओरडून आकडे सांगायचा. छाती अमुक, कंबर तमुक. दुकानातली गिऱ्हाइकं ऐकायची, रस्त्यावरचे ऐकायचे, आणि माप देणारी बाई अंग चोरून आणखी लहान व्हायला बघायची. माझी थोरली बहीण सुशीताई तिथून परतताना वाटेत एक शब्द बोलत नसे. एकदा आम्ही दोघी तिथं असताना पारूबाय आली. शिंप्यानं तिचं माप घेतलं आणि तिची दया येऊन की काय, आकडा हळूच कुजबुजला.

"जोरात बोल रं!" पारूबाय गरजली. "चोरीचा माल हाय का माजा?"

"तसं नाही बाई, लोक ऐकतात..."

"मंग ऐकू दे की! तू बोलत नाय तं मी बोलते." आणि तिनं स्वतःच तो आकडा नाक्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला. वर म्हणाली, "आता ह्या पोरीचं हलू बोल. ती लाजते. मी नाय लाजत."

ताई तेव्हा बावीस वर्षांची. मॅट्रिक झालेली, आवाज गोड, गणित पक्कं. तीन ठिकाणांहून नकार आला होता आणि तिन्ही नकारांची भाषा एकच: "मुलगी चांगली आहे, पण अंगानं जरा..." त्या 'जरा'पुढं कुणी शब्द ठेवत नसे. सभ्य माणसं ना! अपुरं वाक्य ठेवून जायची आणि ते पुरं करण्याचं काम आईकडं यायचं. आईनं ते मनावर घेतलं. ताईचा भात बंद झाला. सकाळी लिंबाचं पाणी, दोन्ही वेळा एकेक फुलका. आम्ही जेवत असताना ताई मुद्दाम ओटीवर जाऊन बसायची.

मग कल्याणचं स्थळ आलं. मध्यस्थ नाना निरोप घेऊन आले. "बघायला येण्याआधी मुलीचं मापाचं एक पोलकं पाठवा. मुलाच्या आईला हौस आहे, येताना नवं शिवून आणणार म्हणतात."

वडिलांना वाटलं, काय मायाळू माणसं! आईला मात्र निरोपाचा अर्थ बरोबर कळला. मुलगी बघण्याआधी तिचं माप बघायचं होतं. आईनं दोरीवरचं एक पोलकं काढलं, इस्त्रीसाठी उशीखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कागदात बांधून नानांच्या हवाली केलं. ते पोलकं माझं होतं. मी नववीत होते, काडीसारखी.

"अगं आई, हे ताईचं नाही!"

"कळतंय मला. महिन्याभरात उतरेल ती. तू तोंड मिटून बस."

ताई तिथंच उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं रात्रीचा फुलकाही सोडला.

आठवड्याभरानं ती विहिरीवर भरली कळशी उचलताना कोसळली. पारूबायनं तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि घरापर्यंत आणून आईसमोर ठेवलं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, निरोप, पोलकं, फुलका, सगळं. पारूबाय आईकडं बघत राहिली.

"वयनी, तुज्या घरातलं तांदूल संपलं का? माज्याकडनं ने."

"तुम्हाला नाही कळायचं पारूबाई. मुलीची आई होऊन बघा म्हणजे कळेल."

पारूबायला मूल नव्हतं, हे साऱ्या बाळकुमला ठाऊक होतं. आई बोलून गेली आणि मग उगाच पदर सारखा करायला लागली. पारूबाय उठली, घरी गेली, तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन आली. मग तिच्या लक्षात आलं. "सुकट तुमाला चालत नाय," म्हणाली आणि चटणी परत घेऊन जाऊन गूळ आणला. ताईनं भाकरीला हात लावला नाही. तिनं आईकडं बघितलं, आणि आईनं मान फिरवली.

बघायला आले त्या दिवशी ताई सकाळपासून उपाशी. मुलगा, मुलाची आई आणि नाना अशी तिघं टांग्यातून उतरली. मुलाच्या आईनं बसल्या बसल्या पिशवीतून नवं पोलकं काढलं. मोतिया रंगाचं, गळ्याला बारीक वेलबुट्टी. "हे घालूनच आणा हो मुलीला. आमच्याकडं तशी रीत आहे." अशी रीत कुठंही नाही. मी नंतर पुष्कळांना विचारलं आहे.

आत जे झालं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. ताईचा हात बाहीत कोपरापर्यंत गेला आणि अडकला. आई ओढतेय, "श्वास आत घे, आणखी घे" म्हणतेय, मी पाठीमागून बटणपट्टीची दोन्ही टोकं धरून उभी, आणि त्यांच्यात वीतभर अंतर. ताईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज नाही. बाहेर कपबशा वाजत होत्या.

मागच्या दारानं पारूबाय आली. तिनं एकदा बघितलं, आईचा हात बाजूला केला आणि लहान मुलाचा कपडा सोडवावा तसं ते पोलकं ताईच्या हातातून सोडवलं. "तुजं घाल," एवढंच तिला म्हणाली. आणि पोलकं तळहातावर घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. मी तिच्या मागे.

"ही चोली कोनाची?"

मुलाच्या आईनं तिला नखशिखांत न्याहाळलं. तेवढ्यानं संपेना, परत न्याहाळलं. "मुलीचीच. यांनी पाठवलेल्या मापावर शिवलीय."

"माप ह्या बारकीचं हाय," पारूबायनं मला दंडाला धरून पुढं केलं. "थोरलीला ती होत नाय. तुमाला पोर पायजे का माप?"

वडिलांनी मान खाली घातली. मला वाटलं आता भांडण होणार. मुलाची आई चिडली नाही. तिनं मला उभं-आडवं पाहिलं, मान एका बाजूला कलती केली आणि नानांना म्हणाली, "ही कितवीत आहे? रंग हिचाही बरा आहे. वर्षभर थांबायला आमची हरकत नाही."

मुलगा काय म्हणाला? काही नाही. चहा प्यायला.

माझ्या अंगात त्या क्षणी जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. पण मी तेव्हा थिजले होते. पारूबाय हसली. पोटापासून, दंडापासून, सगळ्या अंगानं हसली. "ने की! पन वर्साभरात ही जाडी झाली तं काय करशील गो बाय? त्यापरीस माज्या गोठ्यात वासरू हाय, ते बग. बारीक हाय. चोली घालून देते."

नाना उठले. मुलाची आई लालबुंद होऊन उठली. पण पारूबाय बोलता बोलता दारात बसली होती, आणि मी सांगितलंच आहे, ती बसली की दार संपलं. "थांबा वाईच," ती शांतपणे म्हणाली, "मना उठायला वेल लागतो."

तेवढ्यात ताई बाहेर आली. अंगात रोजचं पोलकं, ज्याची बाही तिला बरोबर बसते ते. ती पाहुण्यांना नमस्कार करील असं आईला वाटलं असेल. ताईनं ताटातली पोह्यांची एक बशी उचलली, पाटावर बसली आणि खायला लागली. बघायला आलेल्या माणसांसमोर! घाईनं नाही, एकेक घास चावून. खोबरंसुद्धा वेचून खाल्लं. पाहुणे दारापाशी ताटकळत उभे आणि ताई खातेय. पारूबायनं तिला 'खा' म्हटलं नाही, शाबासकी दिली नाही. बशी रिकामी झाली तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून ती हळूहळू उठली, आणि दार मोकळं झालं.

त्यानंतर आई पारूबायशी किती तरी दिवस भाड्यापुरतंच बोलायची. ताई पुढं शिक्षिकेचा कोर्स करून डोंबिवलीला एका शाळेत लागली, गणित शिकवते. तिचं लग्न झालं की नाही, असं सभेतसुद्धा बायका मला विचारतात. मी सांगत नाही. या लेखाशी त्याचा काय संबंध?

गेल्या हिवाळ्यात पारूबाय पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती गेली त्याच्या थोडे दिवस आधी आम्ही तिघी मायलेकी तिच्या घरी गेलो. मी तिला ओळखलं नाही. गोधडीखाली कुणी आहे की नुसतीच गोधडी, कळेना. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. ताई तिच्या उशाशी बसून चमच्यानं पेज भरवायला लागली.

गप्प बसणं आईला जमत नाही. काही तरी बरं बोलावं म्हणून ती म्हणाली, आणि मी शपथेवर सांगते की मायेनंच म्हणाली, "काही म्हणा पारूबाई, अंग उतरलं ते छान झालं हो. आता कशा नीटस दिसता."

ताईचा चमचा थांबला.

पारूबायनं डोळे उघडले. त्या चेहऱ्यावर आता डोळेच तेवढे पहिल्याइतके मोठे राहिले होते. "जरा थांब, वयनी," ती म्हणाली. "थोड्या दिसांनी तं मी दिसनारच नाय."

आईनं पदर तोंडाशी नेला. मग सरकत सरकत पारूबायच्या पायथ्याशी गेली, गोधडी बाजूला केली आणि तिचे पाय चेपायला लागली. आमच्या आईनं सासूखेरीज कुणाच्या पायाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. दोन्ही पावलं तिच्या ओंजळीत मावत होती, आणि ती खाली मान घालून चेपत होती, चेपतच होती.

"हलू चेप गो," पारूबाय डोळे मिटूनच म्हणाली. "मोडलीस तं भाडं वाडवीन."