पट्ट्यांच्या खणातला कागद

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली आहे. डॉक्टर पाऊण इंच म्हणतात, पण त्यांनी नुसता खांदा मोजला. मी आत मुरलेलं वजनही धरतो. एकतीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होतो आणि ती सगळी वर्षं चामड्याची पिशवी ह्याच खांद्यावर लटकत होती. नाशिक ते हरसूल, नाशिक ते पिंपळगाव बसवंत, परत नाशिक. ते सगळं अंतर सरळ रेषेत धरलं तर मी चंद्रावर पोचून, तिथल्या लोकांना अर्धी तिकिटं, पुरी तिकिटं फाडून, मुक्काम न करता परत आलो असतो. निवृत्तीच्या दिवशी पिशवी जमा करून घेतली, खांदा माझ्याकडेच राहिला. शिंपी अजून माझ्या सदऱ्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मापतो.

ती पिशवी जिवंत ठेवली चाचांनी. द्वारकाच्या चौकातला गोंगाट मागे टाकून गल्लीत शिरलं की तिसरं दुकान त्यांचं. बसच्या सीटची रेक्झिनं, शाळेची दप्तरं, सुटकेसची तुटलेली चाकं, सगळं तिथे दुरुस्त होई. माझी पिशवी त्यांनी इतक्यांदा शिवली की शेवटी तिच्यात चामडं कमी आणि चाचांचा दोरा जास्त होता. अलीकडे तयार बॅगा इतक्या झाल्यात की शिवून घ्यायला कोणी येत नाही. दुकानात दोन मशिनी, पण एकीवर कायम चादर. चाचांचा मुलगा पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये वायरमन म्हणून लागला, तेव्हा ती झाकली गेली.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी चहाला गेलो, तर चाचांच्या टेबलावर एक नवीच वस्तू. राखाडी जाड कॅनव्हासची पिशवी, उभी, रुंद तोंडाची, वर धरायला दोन बंद. हातात धरली की ऑफिसला निघालेल्या बाईची पर्स. पण पाठीमागच्या अंगाला एक सपाट खण होता, त्याला चेन. चेन उघडली की आतून दोन पट्टे निघत. ते खालच्या कड्यांना हुकांनी अडकवायचे, वरचे बंद आत सारायचे, की तीच पिशवी पाठीवर जायला तयार. चाचांच्या सुनेने शिवली होती. फोनवर कुठेतरी तसली पाहिली आणि वर्तमानपत्र कापून कापून स्वतः माप काढलं. ती आतापर्यंत घरी ब्लाउज शिवत होती, बॅग ही पहिलीच.

चाचांना ती पिशवी पटली नव्हती. हातातलं हातात आणि पाठीवरचं पाठीवर, एवढं त्यांचं सरळ मत. पण त्यांनी सुनेला शब्द दिला होता की हिची ऑर्डर आली तर चादरीखालची मशीन तिची. ती म्हातारी मशीन होती, पण सुनेने बोलता बोलता तिच्यावरून एकदा हात फिरवला, आणि किती मनात आहे ते मला कळलं.

आता ऑर्डर कुठून येणार, तर ती मीच आणली. माझी धाकटी बहीण एका छोट्या संस्थेत काम करते. हरसूलकडच्या पाड्यांवर फिरणाऱ्या चाळीस आरोग्यताया तिच्या हाताखाली. वह्या, बाळांचं वजन करायचा काटा, औषधं, डबा, पाण्याची बाटली, हे सगळं त्या एका खांद्यावर घेऊन डोंगर चढतात, आणि मीटिंगला तीच पिशवी हातात धरून येतात. सगळ्या माझ्यासारख्या एका बाजूला कलायला लागल्या आहेत असं बहीणच म्हणायची. मी तिला पिशवीचा फोटो पाठवला. तिने अट घातली: कोणीतरी आठ दिवस ती वापरायची, हातात आणि पाठीवर, खऱ्या वजनासकट, आणि खरं काय ते सांगायचं. ठीक निघाली तर चाळीस पिशव्या सुनेकडून, नाहीतर बाजारातून तयार.

मी म्हटलं, वापरतो मी. बहीण लहानपणापासून माझं बोलणं चारने भागून ऐकते. ती म्हणाली, "पिशवीतलं तुला कळतं, एवढं मात्र खरं."

त्या आठ दिवसांत पिशवी आणि मी एकजीव झालो. तिच्यातून मी भाजी आणली, लाइटबिलं भरून आलो, पिंपळगावला मेहुणीकडे जाऊन चार किलो कांदे आणि तिने दिलेले बेदाणे आणले. रिकामी असतानाही पिशवी उभी राही, हे मला फार आवडलं. माझे काही मित्र जेवल्याशिवाय उभे राहत नाहीत. आतल्या अस्तरात चष्म्याचा कप्पा होता, तिथे हात आपोआप जाई. कांद्यांनी बंदांना जराही ताण पडला नाही. गोदाकाठच्या चहावाल्याने विचारलं की कुठल्या देशाची आहे, तर मी सांगितलं की जपानची आहे, पण तिकडे आता मिळत नाही.

फक्त पाठीवर ती गेली नाही.

ह्याला कारण आहे. भरलेल्या बसमध्ये एकतीस वर्षं उभा राहिलेल्या माणसाला पिशवी पाठीमागे टाकता येत नाही. आमची पिशवी पोटाशी, आणि डावा हात तिच्यावर. झोपेतसुद्धा माझा हात तिथे असतो, ह्याला घरात साक्षीदार आहे. मागे गेलेली पिशवी म्हणजे आपल्यापेक्षा मागच्याची जास्त. पहिल्या दिवशी कपाटाच्या आरशासमोर पट्टे काढायला चेनला हात लावला, नुसत्या विचारानेच पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटलं आणि हात काढून घेतला. म्हटलं, उद्या बघू. उद्या असे सात गेले.

आठव्या दिवशी बहिणीचा फोन आला, कशी आहे पिशवी? आणि माझं तोंड माझ्याआधी बोलायला लागलं. सांगितलं की हरसूलला जाऊन आलो, दहा किलो पाठीवर घालून अख्खा डोंगर चढलो आणि उतरलो, पट्टे म्हणजे आईचे हात. वाटेत बिबट्या आडवा आला, त्यानेसुद्धा पिशवीकडे दोनदा वळून पाहिलं. बिबट्या चारने भागून मांजर होईल ह्याची मला कल्पना होती, पण डोंगर तसाच राहील असा हिशोब. राहिला. ती म्हणाली, मग संध्याकाळी ऑर्डर पक्की करते.

मी विजयी चालीने दुकानात गेलो. चाचा एका दप्तराच्या चेनचा रनर बदलत होते, सून स्टुलावर बसलेली. मी तीच कथा परत सांगितली, फक्त डोंगर थोडा उंच झाला. चाचांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. सुनेने मात्र हात पुढे केला, पिशवी घेतली आणि माझं बोलणं चालू असतानाच ती आतून बाहेर उलटी केली.

तिचं ते बघणं मी विसरणार नाही. वैद्य नाडी बघतो तसं. तळाच्या कोपऱ्यातून कांद्याचं साल काढलं. अस्तराच्या शिलाईवरून नख फिरवलं. बंद जिथे मुठीत येतात तिथला मळ बघून मान डोलावली. मग पिशवी सुलटी करून मागच्या खणाची चेन उघडली, दोन बोटं आत घातली आणि घडी केलेला एक कागद बाहेर काढला. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. पट्टे चुरगळू नयेत म्हणून तिनेच तो त्यांच्यामध्ये घालून ठेवला होता. घडी जशीच्या तशी.

ती हळू म्हणाली, "काका, पट्टे बाहेरच आले नाहीत."

मी बिबट्यावर होतो. तिथेच थांबलो.

चाचांनी पक्कड खाली ठेवली. "मास्तर," ते म्हणाले, "जिंदगीभर लोकांना तिकिटं दिलीत. आज तुम्हीच विनातिकीट."

मी म्हटलं की ऑर्डर तर मिळाली ना, बहिणीने होकार दिलाय, आता कशाला. सुनेने कागदाची घडी उलगडली, परत घातली. "ऑर्डर मिळेल हो. पण तिकडे डोंगरात एखादीच्या खांद्यावरून हे घसरायला लागलं, तर मला कळणारसुद्धा नाही. ती रोज ओढत बसेल." मग कागद खणात परत सरकवत, "माझी पहिलीच आहे, काका."

चहा आला. मी तो गरम असतानाच पिऊन टाकला, म्हणजे तोंड बंद ठेवायला निमित्त मिळालं. दुकानाबाहेर येऊन बहिणीला फोन लावला आणि म्हटलं, आज पक्कं करू नकोस, अजून एक दिवस दे.

"का, बिबट्याला परत दाखवायची आहे?"

"तसंच समज."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी हरसूलला निघालो. पिशवीत तीन जाड वह्या, भरलेली बाटली, डबा, आणि वजनकाटा नव्हता म्हणून स्वयंपाकघरातला दगडी वरवंटा. बायकोने तो नेताना पाहिला आणि काही विचारलं नाही. तिने विचारणं फार वर्षांपूर्वी सोडलंय. बसमध्ये पिशवी मांडीवर आणि हात तिच्यावर. कंडक्टर मुलगी होती, मशीनमधून तिकीट काढून दिलं, तिच्या पिशवीकडे मी जरा मायेने पाहिलं.

हरसूलचा बाजाराचा दिवस होता. मी स्टँडच्या कडेला गेलो, खणातून कागद काढून खिशात ठेवला, पट्टे ओढले, हुक कड्यांत अडकवले आणि एकदाची ती पाठीवर घेतली. पाड्याकडच्या चढाला लागलो. पहिली शंभर पावलं माझा डावा हात कमरेपाशी पिशवी शोधत होता. न सापडल्यावर छातीत धस्स होई, मग पाठीवरचं ओझं जाणवे, मग बरं वाटे, मग परत शोध. हे होईपर्यंत दुसरीच गोष्ट सुरू झाली. पट्टे घसरायला लागले. आधी डावा, कारण तो खांदा उतरता. पण मग उजवाही. वर ते एकमेकांपासून फार लांब शिवले होते. मी खांदे उडवत, पट्टे वर ओढत चाललो होतो. एका दगडावर टेकलो आणि उठलो, तर एका बाजूचा हुक कडीतून सुटून लोंबत होता.

समोरून एक बाई उतरत होती, डोक्यावर बाजाराला न्यायचं गाठोडं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठीच असेल. थांबून तिने मला नीट पाहिलं.

"बाबा, किती येळ खांदं उडवताय? उभं राहा."

मी उभा राहिलो. तिने गाठोडं खाली ठेवलं, त्याला गुंडाळलेल्या कापडाची एक चिंधी टराटरा फाडली, सुटलेला हुक कडीत अडकवला, पुढून माझे दोन्ही पट्टे जवळ ओढले आणि छातीवर त्या चिंधीने बांधून टाकले. मग मागे जाऊन पिशवी वरवंट्यासकट एकदा उचलून बघितली.

"आता नाय घसरत. लय लांब शिवलंय कुणी. बाईमाणसाच्या अंगावर तर राहायचंच नाय."

मी तिला ही पिशवी जपानची आहे असं सांगितलं नाही. गाठोडं डोक्यावर चढवायला हात दिला, एवढंच. पुढे चढ संपेपर्यंत पट्टे जागचे हलले नाहीत. वर सपाटीवर बसून डबा खाल्ला. वारा छान होता. दोन्ही खांदे सारखेच दुखत होते, आणि असं पिशवी खांद्याला लागल्यापासून पहिल्यांदाच झालं होतं.

परतीच्या बसची वाट बघताना बहिणीला फोन केला. म्हटलं, काल मी खोटं बोललो होतो, आज खरं चाललो. पिशवी हातात चांगली आहे. पाठीवर दोन दोष आहेत. पट्टे वर जवळ हवेत आणि छातीवर एक पट्टी हवी. खालचा हुक उठता-बसता सुटतो.

तिने मला दोन्ही दोष परत एकदा सांगायला लावले. मला वाटलं, गेली ऑर्डर. मग म्हणाली, "दादा, तुला बरं आहे ना?"

मग तिने सांगितलं की दोष सुधारून द्या, पण ह्यावेळी पिशवी माझ्या एका आरोग्यताईकडे जाईल, तुझ्याकडे नाही.

संध्याकाळी दुकानात मी पिशवी टेबलावर ठेवली, चिंधी तशीच बांधलेली. सांगायला चार वाक्यं लागली. सुनेने चिंधीची गाठ सोडली नाही. आधी टेप घेऊन ती कुठे बांधली आहे ते मोजलं, दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर मोजलं, खडूने खूण केली. मग पट्टे उसवून चार बोटं आत घेतले. छातीवर एक पट्टी जोडली आणि हुकांच्या जागी बक्कलं बसवली. बक्कलं चाचांनी स्वतः जुन्या डब्यातून शोधून दिली, तोंडाने कुरकुरत.

आठ दिवसांनी पाड्यावरच्या ताईचा निरोप आला, तो एका ओळीचा: बाजूला पाण्याच्या बाटलीला जागा द्या. बाकी काही नाही. मी विचारलं, एवढंच? बहीण म्हणाली, लोक असंच सांगतात, दादा.

चादर निघाली. मशीनला तेल घालताना चाचा मला म्हणाले की चाळीस पिशव्या तपासायला माणूस लागेल, पण तुम्ही नको. महिनाभर त्या गल्लीत दोन मशिनींचा आवाज येत होता. मी रोज चहाला जात होतो, तो आवाज ऐकायला.

हल्ली हे सगळं मी लोकांना खरं सांगतो. तीन किलोमीटर चढलो, तेही एका बाईने पट्टे बांधून दिले म्हणून. कोणाचा विश्वास बसत नाही. बिबट्याबद्दल मात्र अजून विचारतात.

ती पहिली पिशवी सुनेने मला देऊन टाकली. मी दुकानातच मागच्या खणाची चेन उघडली. आत नवा कागद, नीट घडी केलेला. ती मशीनवर वाकलेली होती, पण पायडलवरचे तिचे पाय थांबले होते. मी कागद काढून तिच्यासमोर ठेवला, पट्टे बाहेर ओढले, पिशवी पाठीवर घेतली, छातीवरची पट्टी लावली आणि तसाच द्वारकाचा चौक ओलांडला. पलीकडे पोचेपर्यंत डावा हात कमरेकडे दोनदा गेला. बरं, चारदा.