दादाच्या आवाजासाठी घेतलेलं यंत्र

भूकंप झाला तेव्हा मी लातुरात खोली करून बारावीचा अभ्यास करत होतो. मोठा भाऊ किल्लारीकडच्या एका गावात शाळामास्तर होता. मला शिकवणी लावणं जमत नव्हतं, म्हणून दादा गणिताचे धडे कॅसेटवर बोलून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवायचा. घराचं माळवद कोसळलं, त्यात तो आणि त्याची पाच महिन्यांची मुलगी गेली. वहिनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. माझ्या खोलीतल्या अकरा कॅसेटी तेवढ्या उरल्या.

पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले. मीही वीस वर्षं तिथं गणित शिकवलं आणि मग नांदेडला राहायला आलो. रिकामपणी त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. वहिनी पुनर्वसनातल्या गावात एकटी राहते. तिला मोबाइलवर हवं तेव्हा दादाचा आवाज ऐकता यावा, म्हणून घरात कायम चालू राहील असा सर्व्हर ठेवायचं ठरवलं.

आमचा जुना क्लास बंद पडला होता. तिथला थोरला सर्व्हर क्लासचे मालक मला फुकट देत होते. नांदेडात संगणक दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांना विचारलं.

"सर, ते मशीन दोनशे पोरांसाठी होतं," चाचा म्हणाले. "तुमच्याकडं ऐकणार कोण?"

"एकटी वहिनी."

"मग कशाला घेता? लाइट गेली की तासाभरात इन्व्हर्टरची बॅटरी संपवंल ते. उन्हाळ्यात खोली तापवंल ते वेगळंच. बिगरपंख्याचा, पेटीसारखा छोटा कॉम्प्युटर घ्या. प्रोसेसर साधा चालंल, मेमरी मात्र भरपूर टाका."

मेमरी, म्हणजे रॅम, लागणार होती, कारण माझा जुना प्रश्नसंच जुन्या विंडोजवरच उघडायचा. त्यासाठी त्याच पेटीत एक वेगळा आभासी संगणक चालवायचा होता. डिस्क त्यांनी दोन घ्यायला लावल्या; एक गेली तरी दुसरीवर सगळं राहतं. त्या मी लहानच घेतल्या. धडे साफ करून बारीक केले होते, त्यांना फारशी जागा लागत नव्हती.

पेटी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"भावजी, आवाज त्यांचाच हाय. पण मधलं रडणं कुठं गेलं?"

"कसलं रडणं?"

"पोरीचं. हे बोलायला बसले की ती जागी व्हायची. भूकंपानंतर तुमच्या खोलीवर होते, तवा ऐकलं होतं मी. गणित मला काय कळतंय."

अभ्यास करताना त्या रडण्याचा मला वैताग यायचा. धडे साफ करताना बोलण्याशिवायचं सगळं काढून टाकलं होतं, आणि काम छान झालं म्हणून खूशही झालो होतो. जागा वाचावी म्हणून कॅसेटीवरून उतरवलेल्या मूळ फायलीही पुसल्या होत्या.

सकाळी चाचांकडं जाऊन सगळं सांगितलं.

"दोन्ही डिस्क मोठ्या घेऊ," ते म्हणाले. "आता काही पुसू नका. कॅसेटीतला पंख्याचा आवाजबी राहू द्या."

त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. वडिलांचा टेपरेकॉर्डर चाचांनी माळ्यावरून काढला, त्याला नवा पट्टा घातला. आठ दिवस मी त्यांच्या दुकानात बसून कॅसेटी पुन्हा उतरवल्या. दोन कॅसेटींची फीत चिकटून तुटली. उरलेल्या नऊपैकी चार कॅसेटींत रडणं सापडलं. एका ठिकाणी ते जवळजवळ मिनिटभर आहे. दादा थांबतो, "उगी, उगी" म्हणतो आणि मग मला सांगतो, "तोवर तू पुढचं सोडव."

हे धडे पेटीत जसेच्या तसे ठेवले. रडणं कितव्या मिनिटाला आहे ते वहिनीला लिहून पाठवलं, म्हणजे शोधावं लागणार नाही.

महिन्याभरानं तिच्याकडं गेलो. पत्र्याच्या सावलीत ती तूर निवडत होती, शेजारी मोबाइल चालू होता. दादा वर्गसमीकरण समजावत होता.

"रडणं पुढं आहे," मी म्हणालो. "थेट तिथं जाता येतं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "पण ते सांगायलेत तर मधीच कसं सोडू?"

मी खाली बसलो. तिनं सूप माझ्याकडं थोडं सरकवलं, आणि आम्ही दोघं धडा संपेपर्यंत तूर निवडत राहिलो.