“मी” नावाची मुलगी

एमिलीबाईंवर मी लिहावं, हे खरं तर योग्य नाही. त्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांच्याजवळ असलेल्या मुली आहेत, त्यांनी लिहायला हवं होतं. मी तेव्हा तिथे नव्हते. शिवाय परीक्षेतली उत्तरं सोडली तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं दाखवून “बरं आहे का” असं विचारावं असंही कोणी नाही. चुका होतील, त्या माझ्या समजाव्यात. बाईंची आठवण तेवढी खरी आहे.

बाईंच्या दारावर थाप मारली की आतून आवाज यायचा, “कोण?”

आपण सगळे जे म्हणतो तेच मी पहिल्या दिवशी म्हटलं. “मी.”

“मी नावाची कोणी मुलगी माझ्या ओळखीची नाही,” आतून उत्तर आलं. दार बंदच.

मी तेव्हा नववीत होते. वर्गातल्या मैत्रिणीने पत्ता सांगितला होता, पण ती स्वतः आजारी पडल्यामुळे मी एकटीच आले होते. सांडोरच्या त्या केळीच्या वाडीत, बंद दारासमोर मी उभी होते. परत फिरावं असा विचार केला. मग आतून पुन्हा आवाज आला, या वेळी जरा हळू. “नाव, गाव, काम. मग दार.” मी नाव सांगितलं. “पूर्ण,” आवाज म्हणाला. मी दर्शना कमलाकर पाटील, खाडीकडच्या गावातून आलेय, शनिवारची सभा असते तिथे बसायचंय, असं एका दमात सांगून टाकलं. दार उघडलं. समोर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती, गुडघ्याला पट्टा बांधलेला. “आता ओळख झाली,” त्या म्हणाल्या. “चपला तिकडे काढ.”

बाईंनी मुंबईला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलं होतं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी परतल्या. वहिनीशी त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या, ती मला निम्मीच कळायची. आमच्याशी मात्र एकेक शब्द सुटा करून बोलत, जणू पलीकडच्या माणसाला नीट ऐकू येत नाही. नोकरीबद्दल त्या फारसं सांगत नसत. एवढं एक वाक्य मात्र अनेकदा ऐकलंय: “आमचं काम लाइन जोडायची आणि बाजूला व्हायचं. मध्ये आपणच बोलत राहिलो तर दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही.”

सभा कशी सुरू झाली ते त्यांच्या वहिनीने मला सांगितलं. गावात कोणाच्या तरी साखरपुड्याला दहावीतल्या एका मुलीला बाईंनी विचारलं, पुढे काय शिकणार? उत्तर तिच्या आईने दिलं. त्यात मावशीने भर घातली. शेजारीण म्हणाली, मुलींना नर्सिंग बरं. जिला विचारलं होतं ती ताटातलं जेवत राहिली. घरी आल्यावर बाई वहिनीला म्हणाल्या, तिघींनी फोन उचलला, पण ज्या नंबरला लावला होता तो लागलाच नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी त्या मुलीला एकटीला बोलावलं. ती तिच्या दोन मैत्रिणी घेऊन आली.

सभा भरायची मागच्या खोलीत. पूर्वी त्या खोलीत केळी पिकत घालत, त्यामुळे भिंतींना अजून तो गोड वास होता. खोलीत चटया, एक लाकडी खुर्ची आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. जिची चिठ्ठी निघेल ती त्या दिवसाची अध्यक्ष. ती खुर्चीवर बसणार, विषय घेणार, कोणी किती वेळ बोलायचं ते ठरवणार. चिठ्ठी निघाली की नाही म्हणता येत नसे. बाईंची चिठ्ठी डब्यात नव्हती. त्या कोपऱ्यात स्टुलावर बसत आणि बोलायचं असेल तर हात वर करत.

एकदा अध्यक्षपद सहावीतल्या ऋतुजाकडे गेलं. विषय होता, आठवीनंतर मुलींची शाळा का सुटते. बाईंनी हात वर केला. ऋतुजाने पाहिलं आणि म्हणाली, “बाई, तुम्ही मागच्या शनिवारी खूप बोललात. आज बाकीच्यांना बोलू दे.” आम्ही खाली बघायला लागलो. बाईंनी हात खाली घेतला आणि सभा संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर वहिनीने चहा आणला तेव्हा त्या तिला म्हणाल्या, “आज मला गप्प बसवलं. तिला दोन बिस्किटं जास्त दे.” बाईंनी कोणाचं कौतुक केलेलं मी एवढंच ऐकलं आहे.

तशा त्या सोप्या नव्हत्या. पाच मिनिटं उशीर झाला तर खोलीत घेत नसत, मग पाऊस असो की बस चुकलेली असो. डोळ्यात पाणी आलं तर पाठीवर हात फिरवायला येत नसत. रुमाल पुढे करत आणि वाट बघत. मला त्यांचा रागही यायचा.

दहावीत माझी चिठ्ठी निघाली. आमच्या शाळेत मुलींच्या शौचालयात पाणी नव्हतं. मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नसत. मी तो विषय घेतला, आणि सभेने ठरवलं की अध्यक्षांनी प्रभाग कार्यालयात जाऊन अर्ज द्यायचा. अर्ज लिहिणं जमलं. अडचण वेगळी होती. आमच्या गावात, आमच्या घरात आम्ही “पानी” म्हणतो. शाळेत त्यावरून हसणं झालेलं होतं. आठवडाभर मी “पाणी, पाणी” असं घोकत होते. बाईंनी ते ऐकलं आणि काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं.

“साहेबांना पानी म्हटलेलं कळत नाही का?”

“कळतं. पण हसतात.”

“हसू दे. हसून झालं की ऐकतील. तू तोपर्यंत थांब.”

कार्यालयात साहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि अर्ज हातात घेऊन बाईंकडे पाहत विचारलं, काय अडचण आहे मॅडम? बाई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या. साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा त्या वळल्या आणि म्हणाल्या, “मी नुसती सोबत आलेय. अध्यक्ष त्या आहेत. त्यांना विचारा.”

“त्या” म्हणजे मी. पंधरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात, पायात आईच्या चपला. मला आयुष्यात तोवर कोणी “त्या” म्हटलं नव्हतं. मी बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात “पानी” म्हणाले. साहेब हसले. मी थांबले. हसून झाल्यावर ते माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी पुढचं सांगितलं. शाळेत पाण्याची टाकी यायला चार महिने लागले आणि आम्हाला आणखी तीन वेळा जावं लागलं. पण आली.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला कठीण जातं.

बाईंना एका वाक्याची चीड होती: “विचारून सांगते.” आम्ही सगळ्या ते म्हणायचो. सहलीला येणार? विचारून सांगते. निबंध स्पर्धेत नाव देऊ? विचारून सांगते. बाई लगेच विचारत, “कोणाला? आणि कधी सांगशील?” मग सभेच्या वहीत त्या मुलीच्या नावापुढे लिहीत, “विचारायला गेली.” उत्तर येईपर्यंत ते तसंच राहायचं. उत्तर नकाराचं असलं तरी त्यांची तक्रार नसे. त्या म्हणत, “नाही हे उत्तर आहे. गप्प बसणं हे उत्तर नाही. होल्डवर ठेवलेलं माणूस पलीकडे रिसिव्हर धरून उभं असतं, हे विसरायचं नाही.”

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा सभेची रीतसर संस्था करायचं ठरलं होतं. वटार आणि विरारच्या मुलीही आपापल्या गावात अशी सभा मागत होत्या, आणि शाळांना नोंदणी असलेली संस्था हवी होती. वकिलांनी सुचवलं की अध्यक्ष म्हणून बाईंचंच नाव घालावं. बाईंनी नियमावलीत लिहून घेतलं की अध्यक्ष सभेतूनच वर आलेली असावी आणि पंचविशीच्या आतली असावी. स्वतःचं नाव त्यांनी साध्या सभासदांमध्ये शेवटी घातलं. मग एका शनिवारी मला थांबवून घेतलं. त्या केळीची पानं पुसून गड्ड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, सगळ्या मुलींनी तुझं नाव दिलंय. होशील का अध्यक्ष?

मी म्हटलं, “विचारून सांगते.”

मला वाटलं, आता त्या “कोणाला?” म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. “बरं,” एवढंच म्हणाल्या आणि पुढचं पान घेतलं.

खरी गोष्ट अशी की मी कोणालाच विचारलं नाही. बाबा वसई पूर्वेला एका कारखान्यात जातात. ते नाही म्हणाले असते असं मला आजही वाटत नाही. आई तर नक्कीच हो म्हणाली असती. नाही म्हणत होते ती मीच. विरारच्या कॉलेजात माझ्या वर्गातल्या मुली हिंदी, इंग्रजी, मराठी एका वाक्यात भरभर बोलतात. दीड वर्षात मी वर्गात “प्रेझेंट” सोडून काही बोलले नव्हते. प्रभाग कार्यालयात बोललेली मुलगी कुठे गेली ते मला कळत नव्हतं, आणि हे मला बाईंना सांगायचं नव्हतं. अशा मुलीने संस्थेची अध्यक्ष म्हणून सही करायची म्हणजे खोटी सही करण्यासारखं वाटे.

पुढच्या शनिवारी मी निरोप पाठवला की प्रॅक्टिकल आहे. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मी कला शाखेत आहे. आमच्या विषयांना प्रॅक्टिकल नसतात, हे बाईंना माहीत होतं. मग मी निरोप पाठवणंही सोडलं, आणि मुलींचा व्हॉट्सअॅप ग्रुपही.

त्यानंतर बाई मला एकदाच भेटल्या, विरारला एका झेरॉक्सच्या दुकानात. मला बाजूला होता आलं नाही. त्यांनी कॉलेजबद्दल विचारलं, आईच्या पाठदुखीबद्दल विचारलं. ती गोष्ट काढली नाही. हातातले कागद पिशवीत घालता घालता म्हणाल्या, “फोन मी अजून ठेवलेला नाही हां.” आणि पट्टा बांधलेला पाय जपत पायऱ्या उतरून गेल्या. मी मनाशी ठरवलं की या शनिवारी जायचं. तो शनिवार गेला, नंतरचेही गेले.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या दारावर थाप पडली. आई भाकऱ्या करत होती. तिने आतूनच विचारलं, कोण?

“ऋतुजा महेश घरत. सांडोरहून आलेय. दर्शनाताईला निरोप द्यायचाय.”

ते ऐकूनच मला काहीतरी कळलं. ऋतुजा आता अकरावीत आहे. ती दारातच उभी राहिली. आई तिला म्हणाली, आत ये, पानी पी. तिने पाणी घेतलं, पण बसली नाही. तिने सगळं क्रमाने सांगितलं. बाई त्याच्या आधीच्या मंगळवारी गेल्या. दुपारी जेवून पडल्या होत्या, वहिनी चहाला उठवायला गेली तेव्हा उठल्या नाहीत. बुधवारी चर्चच्या दफनभूमीत नेलं. मुली सगळ्या होत्या. मला कळवायचं कोणाच्या तरी लक्षात आलं, पण माझा नंबर ग्रुपवर नव्हता आणि घर कोणी पाहिलेलं नव्हतं. ऋतुजा गावात तीन ठिकाणी विचारत आमच्याकडे पोचली होती.

मग तिने पिशवीतून वही काढली. माझ्या नावापुढे बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, “विचारायला गेली.” पुढची जागा रिकामी होती. नोंदणीचे कागद तसेच पडून आहेत, ऋतुजा म्हणाली. वकिलांनी तीनदा सांगितलं की दुसऱ्या मुलीचं नाव घाला. बाई दर वेळी म्हणाल्या, उत्तर यायचंय.

आई तव्याजवळून उठून आली होती. तिने ते वाचलं नाही, तिला वाचता येत नाही, पण ऐकलं होतं. “कोनाला विचारायला गेली होतीस?” तिने मला विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

ऋतुजाने पेनाचं टोपण काढलं. “काल सभा झाली. माझी चिठ्ठी निघाली,” ती म्हणाली. “म्हणून मी आलेय. काय लिहू?”

“हो लिही,” मी म्हटलं.

तिने लिहिलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

“हो कोण म्हणतंय?”

मी नाव सांगितलं. पूर्ण.