चिकटवलेलं पान

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आता बसला आहे असंही मी म्हणणार नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगाच्या पहिल्या तासाला मुलांना सांगतो — आधी दिसलं ते सांगा, वाटलं ते नंतर. इथेही तोच क्रम पाळतो.

साधारण २०१० च्या सुमाराची गोष्ट. पनवेलला लाईन आळीत आमचं घर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि गॅलरी. वडील, म्हणजे अण्णा, दिवाळीनंतर गेले. घरात आम्ही दोघंच असायचो. स्वयंपाकातला भात त्यांचा, पोळ्या माझ्या. ते गेल्यावर मी भात लावणं सोडून दिलं. दुःख वगैरे झालं असं म्हणवत नाही... काहीच होत नव्हतं. शाळेत जायचो, यायचो, वह्या तपासायचो.

अण्णांच्या मागे राहिला तो त्यांचा पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह. चार जाड अल्बम. बरीचशी तिकिटं आखाती देशांतली, कारण शेजारच्या झुबेदाखालांचे सासरे आणि पुढे मुलगेही कुवेतला होते. पत्र वाचून झालं की लिफाफा आमच्याकडे यायचा. अण्णा तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचे आणि लिफाफा वाळवून परत नेऊन द्यायचे.

या संग्रहाचं काय करायचं, हे मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, शैलाला, ठरवायचं होतं. ती खारघरला राहते. मी फोन केला.

"तीन पर्याय आहेत," मी म्हणालो. "विकणं, शाळेला देणं, किंवा आपण दोघांत —"

"दादा, फळ्यावर तक्ता काढलायस का?"

"नाही. पण निम्मा तुझा आहे."

"मला नको. विक, नाहीतर रद्दीत घाल."

कारण मला ठाऊक होतं. शैला पाच-सहा वर्षांची असताना तिने अण्णांची सुटी तिकिटं घेतली आणि अल्बमच्या एका कोऱ्या पानावर भाताच्या शितांनी चिकटवून टाकली. वेडीवाकडी, एकावर एक. तिकीट असं चिकटवलं की संग्राहकाच्या लेखी ते संपलं. अण्णांनी ओरडून तिच्या हातातलं शेवटचं तिकीट काढून घेतलं. शिडाच्या गलबताचं, निळं. त्यांच्याकडचं सर्वांत दुर्मीळ. ते पुढे कपाटाच्या खणात, वेगळ्या पाकिटात, कुलपात गेलं. पानावर खालचा उजवा कोपरा तेवढा मोकळा राहिला. त्यानंतर शैलाने अल्बमला हात लावला नाही आणि अण्णांनी कधी लाव म्हटलं नाही. अण्णांनी आपल्याला माफ केलं नाही, असं ती लग्नानंतरही एकदा म्हणाली होती.

मुंबईचा एक व्यापारी अल्बम बघून गेला. घ्यायला तयार होता, पण त्या पानाशी अडला. "हे असलं मधे दिसलं की गिऱ्हाईक बाकीच्या तिकिटांवरही संशय घेतं. पान काढा, रविवारी येतो."

फाडून टाकण्यापेक्षा सोडवणं योग्य, असं मी ठरवलं. शनिवारी शाळा सकाळची होती, पण दुपारी प्रयोगशाळेचं सामान मोजायला पुन्हा जायचं होतं. जेवण झाल्यावर अल्बममधून पान सुटं केलं आणि परातीत कोमट पाणी घेऊन त्यात ठेवलं. शीत पाण्यात सुटतं, ओढायचं नाही, थांबायचं. अण्णांनीच शिकवलेलं. तिकिटं एकेक करून अलगद निघाली. चिमट्याने उचलून टीपकागदावर उपडी ठेवली. रिकामं पान गॅलरीतल्या दोरीला चिमटा लावून टांगलं. कुलूप लावून गेलो. कपाटाची किल्ली त्याच जुडग्यात, माझ्या खिशात.

उन्हं उतरायच्या आत परतलो. टीपकागद रिकामा होता.

पान टेबलावर होतं. सगळी तिकिटं पुन्हा त्यावर. तशीच वाकडी, तशीच एकावर एक. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात निळं गलबत, तेही तिरकं. कडेने शीत बाहेर आलेलं, मऊ. घरात भात शिजलेला नव्हता.

मी कपाट उघडलं. खणाला कुलूप होतं. आत पाकीट होतं, रिकामं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी खिडक्यांच्या कड्या तपासल्या आणि खाली गेलो. झुबेदाखाला जिन्याच्या तोंडाशीच सुपात जवळा निवडत बसल्या होत्या.

"खाला, वर कोणी गेलं होतं?"

"कोण जाणार, मास्तर? तुम्ही गेलात तशी मी इथंच बसलेय. मांजराला पण वर सोडलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चेहरा असा काय झालाय? जेवता की नाही बराबर?"

"जेवतो."

"काय जेवता, अल्लालाच ठाऊक. तुमच्याकडून भाताचा वास येईना झाला होता. आज आला, तेव्हा म्हटलं, चला, मास्तर सुधारले."

मी वर आलो.

रविवारी व्यापाऱ्याच्या आधी शैला आली. हिशेब तिच्यासमोर व्हावा म्हणून मीच बोलावलं होतं. काही न सांगता पान तिच्यापुढे ठेवलं. ती बराच वेळ उभ्यानेच पाहत राहिली.

"हे तू लावलंस?" तिने कोपऱ्याकडे बोट केलं.

"नाही."

"खोटं बोलू नकोस, दादा."

"खोटं बोलायला मला जमत असतं, तर मी शाळेत शिकवलं नसतं."

ती हसली नाही. तिने बोटाने गलबत हलकेच दाबलं, उचकटलेली कड लहान मुलं दाबतात तसं. "इथंच लावणार होते मी," ती म्हणाली. "हे शेवटचं राहिलं होतं." मग खुर्चीवर बसली आणि रडू लागली. मला रडू आलं नाही. मी पाणी आणून दिलं.

व्यापाऱ्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. गलबतही आता पानावर चिकटलंय हे ऐकून, ते पाण्याने सोडवून पाहतो, असं तो म्हणाला. मी नको म्हटलं. चारही अल्बम आणि ते पान आता खारघरला आहेत.

मी शक्यता तपासल्या आहेत. दुसरी किल्ली नव्हती. मीच भान हरपून केलं असेल, हेही गृहीत धरून पाहिलं. पण त्या वेळी मी शाळेत परीक्षानळ्या मोजत होतो आणि शिपाई समोर होता. तिकिटं काढताना त्यांचा क्रम मी टिपून ठेवला नव्हता, ही प्रयोगातली माझी चूक. मात्र शैलाला तो पाठ होता, आणि तिच्या मते एकही तिकीट इकडचं तिकडे नव्हतं. याहून पुढे मला जाता आलेलं नाही. कोणाला स्पष्टीकरण सुचलं तर जरूर लिहावं.

त्या दुपारी शैला जेवायला थांबली. डबा उघडला तर तांदळात किडे झाले होते. आम्ही दोघांनी बसून तांदूळ निवडले, धुतले, आणि भात लावला.