टीव्हीतली ती आई का रडत होती

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरंच आहे ते. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं आधी माझ्याकडून कळतं. पण ही एक गोष्ट — ही मी सहा वर्षं कुणाला सांगितली नाही. ना आईला, ना नवऱ्याला. आज तुम्हांला सांगते. बसा जरा जवळ.

सुरुवात कुठून करू? टीव्हीपासूनच करते.

भारतापासून लांब, आमच्या या बेटावर, फिनिक्स गावातल्या आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वडील सरकारी कचेरीत, म्हणून एका अंगणातल्या तीन घरांत पहिला टीव्ही आमचा. मागच्या घरात काकी राहायची — लालमती गावची लेक, काका गेल्यावर भाजीचे वाफे करून एकुलत्या एका पोरीला, शेवंतीला, वाढवणारी. टीव्हीवर बहुतेक सगळं फ्रेंच. बाजारात काकी क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या रोजच्या बोलीत, कुणालाही गप्प करायची, पण पडद्यावरचं ते भरभर फ्रेंच तिच्या डोक्यावरून जायचं. मग काय — मी होतेच! फ्रेंचमध्ये पहिली येणारी पुतणी. काकी उकडलेल्या शेंगांची परात घेऊन यायची, चटईवर बसायची, आणि मी तिच्या कानाशी बसून सगळं मराठीत सांगायची. आमच्याकडे घरोघरी हे असंच चालायचं. शिकलेल्या पोरीनं सांगायचं, मोठ्यांनी ऐकायचं. काकी तर पडद्यापेक्षा माझ्याच तोंडाकडे बघायची. मी म्हटलं हा माणूस वाईट, की तो वाईट. किती गोड वाटायचं मला ते!

मग ती मालिका आली. अमेरिकेतली, नाच-गाणं-नाटक शिकवणाऱ्या एका शाळेची. शेवंती आणि मी, दोघी तिच्यापायी वेड्या झालो होतो. दोघी नाच शिकलेल्या, दोघी गणपतीत स्टेजवर. त्याच वर्षी भारतात जाऊन नाच शिकायची शिष्यवृत्ती निघाली. दोघींनी अर्ज केला, दोघी परीक्षकांपुढे नाचलो. पत्रं आली. तिला हो — मला नाही.

काय वाटलं मला? मी तिला मिठी मारली, अंगणभर ओरडत सुटले, सगळ्यांना आधी मीच सांगितलं. आणि रात्री माझं नकाराचं पत्र काढून पुन्हा पुन्हा वाचत बसले.

शेवंती सतरा वर्षांची. कागदावर आईची सही हवी होती, सोमवारपर्यंत. काकी घाबरलेली. पोरगी समुद्रापार, एकटी, आणि ती नाचायला! शेवंती तिला म्हणाली, “आई, टीव्हीत ती शाळा दाखवतात ना, तसलीच असते. एकदा नीट बघ, मग ठरव.” आता हसू येतं — कुठली अमेरिका न् कुठला भारत! पण आम्हांला तरी दुसरी कुठली नाचाची शाळा ठाऊक होती? काकीलाही ते पटलं. “शुक्रवारी बघते,” म्हणाली, “मग काय ते सांगते.”

शुक्रवारी संध्याकाळी शेवंती झाकरीच्या नाचाच्या तालमीला गेली. गणपती जवळ आले होते आणि त्या फेरात तिची जागा सगळ्यांत पुढं. आईवडील एका बारशाला गेलेले. घरात काकी, मी आणि माझी धाकटी बहीण नलू, सात वर्षांची.

एपिसोड कसला होता सांगू? एका बेकरीवालीची मुलगी आईपासून लपवून त्या शाळेत जात असते. आईला कळतं. ती चिडून शाळेत येते, पोरीला ओढून न्यायला. आत मुलीचा नाच सुरू असतो. आई दारातच थांबते. बघत राहते. रडायला लागते. आणि शेवटी पोरीचे दोन्ही हात धरून म्हणते — मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे — मला ठाऊकच नव्हतं, तू इतकी सुंदर नाचतेस. तू इथंच राहा.

काकी पुढं सरकली. सोललेली शेंग हातातच. “का रडते गो ती?”

बघा, आले तिथपर्यंत. टाळून तरी किती टाळणार?

मी म्हणाले, “लेक हातची गेली म्हणून, काकी.”

“आणि आता काय बोलते?”

“म्हणते, आजपासून तू मला मेलीस.”

झालं. दोनच वाक्यं. “आयो,” एवढंच म्हणून काकीनं परात उचलली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिनं शेवंतीला नाही म्हणून सांगितलं.

रविवारी शेवंती माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडली. माझ्याच! “आईनं असं काय बघितलं गं त्यात?” मी म्हणाले, “जुनी माणसं, त्यांना काय सांगायचं?” आणि तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. अजून एक दिवस हातात होता. मी तो जाऊ दिला.

ती गेली तर मी एकटी पडेन म्हणून केलं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. थापा सगळ्या! ती माझ्याजवळ राहावी म्हणून नाही, तिला मिळू नये म्हणून केलं. शुद्ध मत्सर.

पुढं तिचं लग्न झालं, माएबूर्ग गावच्या एका कापड दुकानदाराशी. नवरा भला माणूस, एक मुलगा आहे. दुःखात आहे असं नाही. पण ती पुन्हा नाचली नाही. गणपतीत बायका ओढायला लागल्या की म्हणते, “माझे गुडघे दुखतात.” तेवीस वर्षांच्या बाईचे गुडघे! मी तेवढ्यापुरती उठून स्वयंपाकघरात जाते.

गेल्या महिन्यात ती मालिका पुन्हा लागली. मी माहेरी गेले होते. दुपारची वेळ, काकी चटईवर, आणि माझं जुनं काम आता नलूकडे. बेकरी दिसली आणि मी ओळखलं, हा तोच एपिसोड. टीव्ही बंद करावा? काहीतरी निमित्त काढावं? खोटं कशाला बोलू, मी उठले होते. मग परत बसले. त्या भीतीचाच कंटाळा आला होता बहुतेक.

आई दारात उभी राहिली. रडायला लागली. नलू सहज म्हणाली, “आनंदानं रडते ती, काकी. म्हणते, किती सुंदर नाचतेस, तू इथंच राहा.”

काकी पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. “असं म्हणते ती?”

“हो, काकी,” मी म्हणाले. “तेव्हाही असंच म्हणाली होती.”

नलूला काही कळलं नाही. काकीनं मांडीवरची शेंगांची परात बाजूला सारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “मला तेव्हा दिसत होतं गो. लाजेनं रडणारी बाई अशी मान वर करून रडत नाही. पण म्हटलं, तू शिकलेली. मला काय कळतंय?”

मी निघाले तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, “शेवंतीला मी सांगणार नाही. तुझं तू बघ.”

आणि मला हलकं वाटलं! लाज वाटली, घाम फुटला, ते सगळं झालंच — पण हलकं वाटलं. निर्लज्ज म्हणा हवं तर. परतताना बसमध्ये अशी गाढ झोप लागली की मी दोन स्टॉप पुढं गेले आणि उन्हात चालत मागं आले, तरी बरंच वाटत होतं.

आज सकाळी शेवंतीला पत्र टाकलं. मराठी लिहायची सवय नाही मला. फ्रेंचमध्ये दहा मिनिटांत झालं असतं. पण खोटं मराठीत बोलले होते, म्हणून मराठीतच लिहिलं, खाडाखोड करत. काकीनं काय विचारलं, मी काय सांगितलं, ती आई खरं काय म्हणाली होती. तुला मिळालं आणि मला नाही, म्हणून केलं — हेही. शेवटी ‘मला माफ कर’ लिहिलं होतं, ते खोडलं. ते राहिलं असतं तर तिला मला उत्तर द्यावं लागलं असतं. तिच्याकडून मी पुष्कळ घेतलंय.