देवीच्या नावाचा कोंबडा

शुक्रवार, २१ मार्च २०२५. सकाळी नळाला पाणी आलं नाही. मालनच्या आणखी तीन कोंबड्या गेल्या. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले, मानमोडी रोग म्हणाले. दिवसभर खिडकी लावून घेतली.

एवढं लिहून आशाकाकूंनी वही मिटली, तेव्हा भिंतीपलीकडे मालनबाई खड्डा खणत होती. शेंद्र्याच्या त्या गल्लीत दोन घरांमध्ये कमरेएवढीच भिंत. एकीची फोडणी दुसरीला कळे.

मालनबाई लासूर स्टेशनहून नांदायला आली, तेव्हा आईनं तिच्याबरोबर बांबूच्या डालग्यात एक काबरी कोंबडी दिली होती. पुढे नवरा गेला, शेत कंपन्यांच्या हद्दीत गेलं, मुलगा राजेंद्र कामगार झाला. काबरीचा वंश मात्र अंगणात टिकला. अंडी उबवणाऱ्या खुडूक कोंबडीखाली दुसऱ्याचं अंडं मालनबाईनं कधी ठेवलं नाही.

"माहेर हाय ते माझं. त्यात भेसळ नाय चालत."

"आणि कोंबडा शेजाऱ्यांचा चालतो?" आशाकाकूंनी एकदा विचारलं होतं.

"जावई बाहेरचाच असतो की, काकू!"

आता खुराडं रिकामं झालं होतं. आधी एक कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, हिरवं हगू लागली, मग तिची मान पाठीकडे वळली. तिच्यामागोमाग बाकीच्या. मालनबाईनं हळद चारली, लसूण चारला. काही चाललं नाही. उरली ती न्हाणीत घमेल्यात अंड्यांवर बसलेली एकच काबरी. आणि देवीचा कोंबडा.

गेल्या पावसाळ्यात नात मोनाली तापानं फणफणली, तिला शहरातल्या दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा मालनबाई मरीआईला नवस बोलली होती. पोर बरी झाली. कोंबडा देवीच्या नावानं मोकळा सोडला. अशा कोंबड्याला डालग्याखाली डालायचं नाही, हाकलायचं नाही, चैत्रातल्या जत्रेआधी सुरी लावायची नाही. तो दारोदार दाणे खाई, चिकनच्या दुकानामागची पिसं उकरी आणि पुन्हा घरी येई.

शुक्रवारी आलेला डॉक्टर ऋतुराज वयानं पोरसवदाच. काबरीच्या डोळ्यात लसीचा थेंब टाकून तो म्हणाला, "उशीर झालाय, मावशी. तरी बघू. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका. आणि हा कोंबडा कोंडा आधी."

"त्यो देवीचा हाय. त्याला डालत नसत्यात."

"रोगाला काय कळतं, कोणाचा आहे ते?"

डॉक्टर गेल्यावर राजेंद्र म्हणाला, "आई, तुझा कोंबडा पोस्टमनवानी घरोघर फिरतोय. काय वाटतोय, बघ जरा."

"गप ऱ्हा. पोर कुणाची वाचली? तुझीच ना?"



शनिवारी कोंबड्याची मान कलली. तो एकाच जागी गोल गोल फिरू लागला. तसाच झुलत न्हाणीपाशी गेला आणि काबरीच्या पाण्यात त्यानं चोच घातली. मालनबाई हातात डालगं घेऊन उभी होती. ते तिनं जमिनीवर टेकवलं, पुन्हा उचललं. शेवटी भिंतीपाशी आली.

"काकू, तुम्ही मिशनच्या सिस्टरच्या शाळंत शिकल्या. देव राग धरतो का हो?"

आशाकाकू मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"देव सगळं बघतो, असं शिकवायच्या आम्हाला. राग धरतो का, ते मला अजून कळलेलं नाही, मालन."

"मंग शिकून काय झालं?" मालनबाई म्हणाली आणि डालगं खुंटीला अडकवून आत गेली.

रविवारी कोंबडा उठेना. पण काबरी अजून अंड्यांवर बसलेली होती. ते पाहून मालनबाईनं मनाशी काय ठरवलं कोण जाणे. तिनं कोंबड्याला उचलून मांडीवर घेतलं, हळदकुंकू लावलं, देवळाच्या दिशेला तोंड केलं.

"आई, जत्रंआधीच देती. माझ्यावर काढ. पोरीवर नको."

मान तिनंच मुरगळली. राजेंद्रनं खड्डा खणला. चुना टाकून झाल्यावर मालनबाई हात धूत राहिली, मग मोनालीच्या कपाळाला हात लावून आली. थोड्या वेळानं पुन्हा लावून आली. "आजी, तुझा हात ओला हाय," म्हणत पोर पळाली.

सोमवारी सकाळी काबरी अंड्यांवरून उठली. खुडूक कोंबडी अशी मधेच उठत नाही. मालनबाईनं तिला धरून पुन्हा बसवलं. ती पुन्हा उठली. दुपारी तिची मान वळली. राजेंद्र कामावर होता, म्हणून खड्डा मालनबाईनंच खणला. अंडी तिनं एकेक करून कानाशी धरली आणि खड्ड्यात काबरीच्या पोटाशी ठेवली.

दिवेलागणीला ती आशाकाकूंच्या दारात आली. हातात पत्र्याचा डबा होता.

"कोंबड्यांसाठी काढलेल्या कण्या. घरातल्याच हायत, माजघरातल्या. खुराड्याचा हात लागला नाय. आता टाकू कुणाला? तुम्ही शिजवून खा."

"मोनाली कशी आहे?"

"खेळती." मालनबाई उंबऱ्यावरच उभी होती. "कपाळ गार हाय. उद्याचं काय सांगावं, काकू?"

आशाकाकूंनी तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

त्या संध्याकाळी आशाकाकूंनी वहीत लिहिलं: मालनकडून ज्वारीच्या कण्या, अर्धा डबा. चाळून ठेवल्या.