कापडावरचा कीबोर्ड

मिलमध्ये कापूस उडायचा. कोणी आणून टाकत नसे, पण संध्याकाळी घरी निघताना भुवयांवर, कानांत, डब्याच्या झाकणावर कापूसच कापूस! किस्स्यांचं तसंच असतं. आमची इंदूरची मिल बंद पडून वीसेक वर्षं झाली, तरी मी नुसता रुमाल झटकला की चार किस्से खाली पडतात. बायको म्हणते, "त्यातले तीन खोटे असतात." साफ गलत! दोनच असतात.

आज सांगतोय ते आमच्या मिलमधल्या 'ऑनलाइन ट्रेनिंग'चे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरातल्या मिला एकेक करून विझत होत्या. आमचीही निम्मी खाती थंड पडली होती, आणि नेमकं तेव्हाच मुंबईच्या हेड ऑफिसला वाटलं की कामगारांना कॉम्प्युटर शिकवावा. मी टाइम ऑफिसात हजेरी लावणारा क्लार्क. इंग्रजी टायपिंग येतं, एवढ्या गुन्ह्यावर मला कोऑर्डिनेटर केलं!

*

मुंबईहून मेहतासाहेब आले. कँटीनच्या पत्र्याखाली मीटिंग. साहेबांनी समजावलं, "टीचर बंबई में रहेगा, आप यहाँ रहेंगे. पाठ टेलीफोन के तार से आएगा और स्क्रीन पर दिखेगा. इसको बोलते हैं ऑनलाइन."

पत्र्यावर कावळा चालला, तेवढा ऐकू आला.

मग छपाई खात्यातला बबनराव उठला. "साहब, चाय भी तार से आएगी, या वो पैदल ही आएगी?"

पत्रा हादरेल असं लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "जो ट्रेनिंग पास करेगा, उसको पीथमपुर के नए यूनिट में लेंगे. बाकी लोगों का मैं कुछ बोल नहीं सकता."

हसू तिथल्या तिथं थांबलं. मागच्या बाकावरून सावंतदादांनी हात वर केला. दादा विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मागांची ओळच्या ओळ सांभाळणारे. पन्नाशी ओलांडलेली, बोलणं मोजकं, आणि दुसरं कुठलं काम आयुष्यात केलेलं नाही.

"साहब, पास होने के लिए पहले क्या करना पड़ेगा?"

"पहले तो रोज आना पड़ेगा."

"आना तो मैं छब्बीस साल से आ ही रहा हूँ," दादा म्हणाले आणि खाली बसले.

*

मिलच्या जुन्या दवाखान्यात ट्रेनिंग रूम तयार झाली. एक कॉम्प्युटर, त्याच्यासाठी एक एसी. अख्ख्या मिलमधला एकुलता एक! महिना मे. ज्ञानाची अशी तहान मी कुठल्या कॉलेजातही पाहिली नाही. इंदूरला भैयाचा 'भिया' होतो; माणसं दारात येऊन मला म्हणायची, "जोशीभिया, मला एक डाउट आहे."

"काय डाउट?"

"अजून ठरवला नाही, आधी आत तर बसू द्या!"

चपला बाहेर काढायच्या असा साहेबांचा नियम होता, कारण धुळीनं कॉम्प्युटर आजारी पडतो म्हणे. सावंतदादा तर नळावर पाय धुऊन, पंच्यानं पुसून आत यायचे. एकदा साठ माणसं आत दाटीवाटीनं गप्प बसलेली आणि दाराबाहेर चपलांचा हा ढीग! गेटवरचा चौकीदार धावत आला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हळूच विचारलं, "कौन गुजर गया?"

बबनराव म्हणाला, "अभी नहीं. ट्रेनिंग चल रही है."

*

पाठ यायचा होता फोनच्या तारेतून, आणि मिलमध्ये बाहेरची चालू लाइन उरली होती एकच. ती कुसुमताईंच्या ताब्यात. ताई टेलिफोन ऑपरेटर, सगळ्या मिलचे निरोप त्यांच्या कानातून जायचे.

पहिल्या दिवशी मी मॉडेम लावला. तारेतून जी काही किंचाळी निघाली! कुसुमताईंनी घाईघाईनं लाइन उचलली. "हॅलो? अरे भाईसाहब, रोइए मत! किससे बात करनी है?"

लाइन कटली. मी पळत गेलो. "ताई, ते माणूस नाही, मशीन आहे! जोडणी होताना ओरडतं ते. मधे कोणी फोन उचलला की पाठ तुटतो."

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मशीन असो नाहीतर माणूस असो, मिलमध्ये फोन करून रडणारा या आठवड्यातला हा पाचवा. न उचलून कसं चालेल हो?"

त्यानंतरही त्या उचलतच राहिल्या. मी तक्रार केली नाही.

*

दर महिन्याला मुंबईला एक फॉर्म पाठवायचा असे. 'आपली संस्था ऑनलाइन ट्रेनिंगसाठी तयार आहे का?' त्यात एक रकाना, कर्मचाऱ्यांची मानसिक तयारी. पर्याय तीन: आहे, नाही, होत आहे. मी दर महिन्याला 'होत आहे'वर खूण करायचो. पाठ एकही आलेला नव्हता, तयारी मात्र जोरात सुरू होती!

साठ माणसं आणि कीबोर्ड एक. बोटांना सवय व्हायची कशी? तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आपण कापडाची मिल आहोत, कीबोर्ड कापडावर छापू! बबनराव तसाही रिकामाच होता. त्यानं कीबोर्ड समोर ठेवून ठसा कोरला आणि लाँगक्लॉथचं पूर्ण ठाण छापून काढलं. पाहतो तर सगळी अक्षरं उलटी, आरशात पाहिल्यासारखी!

"बबनराव, हे काय केलंत?"

"भिया, तीस साल फुलंच छापली मी. फूल उलटं छापलं तरी फूलच राहतं!"

दुसरा ठसा कोरला, दुसरं ठाण सुलट निघालं. प्रत्येकाला एकेक तुकडा मिळाला. लोक घडी करून खिशात घालून घरी नेऊ लागले. आमच्या मिलनं छापलेलं ते शेवटचं कापड. तेव्हा कोणाला माहीत होतं!

*

सावंतदादांचं बोट अंगठ्याएवढं जाड. पण मागावर तुटलेला धागा ते अशी गाठ मारून जोडायचे की गाठ कुठे आहे ते सांगताही येत नसे. त्याच बोटानं ते खऱ्या कीबोर्डला नुसता स्पर्श करायचे. बटण काही दबायचं नाही.

"दादा, जोर लावा!"

"तुटलं तर?"

"नाही तुटत हो."

"सगळेच असं म्हणतात," दादा म्हणाले.

पहिला पाठ उघडायला आपला बिल्ला नंबर टाइप करून एंटर दाबायचं होतं. हजेरीच्या पितळी बिल्ल्यावरचे आकडे, तेवढं इंग्रजी दादांना येत होतं. एक दिवस त्यांची पाळी आली. पाय धुतलेले, केस पाण्यानं बसवलेले. दोन, सात, एक, चार. एंटर. स्क्रीनवर दोन शब्द आले.

"काय म्हणतोय?"

"थांबायला सांगतोय, दादा."

दादांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि थांबले. पलीकडच्या खोलीत कुसुमताईंचं 'हॅलो, हॅलो' मला ऐकू आलं. म्हणजे लाइन केव्हाच कटली होती. पण दादांचं तोंड पाहिलं आणि माझी जीभ रेटेना. म्हटलं, जरा वेळानं सांगू. जेवणाची सुट्टी गेली. चहा गेला. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, तेव्हा दादा उठले, स्क्रीनकडे पाहून मान लववून म्हणाले, "उद्या येतो."

दारात थांबून मला विचारलं, "भिया, माझा नंबर मुंबईला पोचला ना?"

एसीनं चष्म्यावर धुकं आलं होतं. मी तो काढून पुसला. म्हटलं, "पोचला, दादा. पीथमपूरच्या यादीत तुमचं नाव लागलं समजा."

आयुष्यात मी शेकड्यानं थापा मारल्या. एवढ्या कमी मेहनतीत एवढं समाधान कुठल्याच थापेनं दिलं नाही.

*

पुढच्याच महिन्यात एका सकाळी गेटला कुलूप आणि कुलपावर नोटीस. कॉम्प्युटर आणि एसी दोन दिवस आधीच मेहतासाहेबांबरोबर गेले होते, 'सर्व्हिसिंगला'. माणसं गेटबाहेर डबे घेऊन उभी. भोंग्याची वेळ झाली, भोंगा झाला नाही, तरी सगळ्यांनी सवयीनं वर पाहिलं. पीथमपूरला कोणालाच बोलावणं आलं नाही.

तीन आठवड्यांनी राजेंद्र नगरच्या माझ्या घरी मुंबईहून पाकीट आलं. मला वाटलं, काही निर्णय झाला असेल. आत फॉर्म होता! 'आपला या महिन्याचा अहवाल मिळालेला नाही.'

मी तो इमानदारीनं भरला. मानसिक तयारीच्या रकान्यात पहिल्यांदाच 'आहे'वर खूण केली, आणि पोस्टात टाकला.

*

आता हा शेवटचा. बायको याला खोटा म्हणत नाही, कारण ती बरोबर होती.

मिल बंद झाल्यावर चार-पाच वर्षांनी आम्ही अन्नपूर्णा मंदिराकडच्या एका शाळेत मुलीच्या ॲडमिशनसाठी गेलो होतो. गेटवर स्टुलावर चौकीदार बसलेला. खाकी शर्ट, टोपी, मांडीवर एक कापड पसरलेलं. जवळ गेलो तर सावंतदादा!

"या जोशीभिया. वहिनी, नमस्कार. मुलगी का? छान, छान."

मी मांडीवरच्या कापडाकडे पाहत राहिलो. तेच लाँगक्लॉथ. ए पासून झेडपर्यंत अक्षरं काळीभोर, जशी काल छापली. फक्त वरच्या ओळीतले चार आकडे पार पुसून गेलेले. आणि उजवीकडे, जिथे एंटर होतं, तिथे भोक पडून खाकी कापडाचं ठिगळ लावलेलं.

"घरी बायकोनं लावलं," दादा म्हणाले. "दोनदा लावलं."

मी म्हटलं, "दादा, या शाळेत कॉम्प्युटरची लॅब आहे, पाटी दिसली. आत जाऊन कधी बसलात की नाही?"

"ती पोरांची आहे. माझा नंबर तिथला नाही." मग त्यांनी विचारलं, "भिया, तो नंबर मुंबईला पोचला होता ना?"

बायको माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "पोचला होता, दादा. अगदी व्यवस्थित पोचला होता."

दादा हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"चष्मा पुसताय, भिया. तेव्हाही पुसला होतात."

शाळेची घंटा झाली. दादांनी उठून गेट उघडलं, पोरं भराभर बाहेर आली, रिक्षांत कोंबली गेली. रस्ता मोकळा झाल्यावर त्यांनी गेट लावलं, स्टुलावर बसले, कापड मांडीवर सारखं केलं. दोन, सात, एक, चार. ठिगळ.

मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.